डेक गळतंय? सीलंटची ट्यूब उचलण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

मागच्या एपिसोडचं हे लेखी रूप. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही आणि ज्यांनी "ती पाच नावं कुठेतरी लिहून ठेव ना" असं सांगितलं, त्या सगळ्यांसाठी. बोलताना जे पुढे-मागे झालं होतं, ते इथे जरा सरळ करून लिहिलंय.

विषय आहे सीलंट. म्हणजे तो ट्यूबमधून येणारा चिकट पदार्थ, जो आपण बाथरूमच्या टाइल्सपासून गाडीच्या काचेपर्यंत सगळीकडे लावतो. पण आज आपण तो शिडाच्या बोटीच्या डेकवर लावणार आहोत. तुमच्यापैकी बहुतेकांकडे बोट नसणार, मला माहितीये. माझ्याकडेही पूर्ण बोट नाही, एक तृतीयांश आहे. तरी ऐका, कारण ट्यूब चुकीची निवडण्याची जी चूक मी केली, ती गच्ची, खिडकी किंवा पाण्याच्या टाकीवरही तशीच होते. माझ्या बाबतीत फरक एवढाच की त्यातून एक माणूस समुद्रात पडायची वेळ आली होती.

आधी ती गोष्ट

आम्ही तीन मित्रांनी मिळून एक जुनी, २५ फुटी फायबरग्लासची सेलबोट घेतली. मी पुण्यात कोड लिहितो आणि शनिवारी पहाटे मुंबई गाठतो. बोट पावसाळ्यात किनाऱ्यावर काढलेली असते आणि ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत पाण्यात. तिची देखभाल एक तांडेलकाका करतात. वय साठीच्या पुढे, कोळीवाड्यातले, आणि आमच्या तिघांच्या डिग्र्या एकत्र केल्या तरी त्यांच्या हाताला जे कळतं ते आम्हाला कळत नाही.

पहिल्याच सीझनच्या आधी दोन ठिकाणी गळती दिसली. एक, डाव्या बाजूच्या स्टँचनच्या बुडाशी. स्टँचन म्हणजे डेकच्या कडेला उभा असलेला स्टीलचा दांडा, ज्यातून सुरक्षेची तार जाते. आणि दुसरी, केबिनच्या अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला. मी काय केलं? डेटाशीट उघडल्या. चार-पाच कंपन्यांच्या. ताकदीचा आकडा कुणाचा सगळ्यात मोठा ते पाहिलं आणि ती पॉलियुरेथेनची ट्यूब मागवली. मरीन ग्रेड, कायमस्वरूपी बंध. दोन्हीकडे तीच लावली. बोल्ट पूर्ण ताकदीने आवळले. बाजूने पांढरा माल भरपूर बाहेर आला, तो पुसून टाकला. फोटोही काढला, छान दिसत होतं.

काका बघत होते. एवढंच म्हणाले, "परत काढायचं झालं तर कसं काढशील?" मी म्हटलं, "काका, काढायचंच नाहीये."

दोन वर्षांनी, जानेवारीतली दुपार. वारा चांगला भरला होता, आम्ही प्राँग्स दीपगृहाच्या बाजूने परत येत होतो आणि बोट एका अंगावर कलली होती. मित्राची बहीण पहिल्यांदाच आली होती. ती तारेला टेकून बसली आणि स्टँचन तिच्यासकट बाहेरच्या बाजूला झुकला. तुटला नाही. बुडाशी असलेलं डेकच दबलं. काकांनी तिच्या लाइफजॅकेटचा पट्टा पकडून तिला आत ओढलं. सगळं मिळून दोन सेकंद झाले असतील. ताई नंतर हसत होती, आम्ही तिघं मात्र बराच वेळ काहीच बोललो नाही.

डेकच्या आत काय असतं

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बऱ्याच फायबरग्लास बोटींचं डेक म्हणजे एक सँडविच असतं. वर फायबरग्लासचा पातळ थर, खाली तसाच एक थर आणि मध्ये हलका गाभा. जुन्या बोटींमध्ये हा गाभा बहुतेक वेळा बाल्सा लाकडाचा असतो. त्यामुळे डेक हलकं राहतं आणि तरी वाकत नाही. नुसत्या जाड फायबरग्लासमध्ये तेवढा कडकपणा आणायचा तर वजन खूप वाढेल.

आता या सँडविचला तुम्ही भोक पाडलंत आणि बोल्ट टाकलात. भोकाच्या आतल्या बाजूला उघडं बाल्सा आहे. वरचं सीलंट थोडंसं जरी सुटलं तरी पाणी थेट लाकडात जातं. बाहेर यायला वाट नाही, वाळायला हवा नाही. बाल्साच्या ठोकळ्यांमधल्या फटींतून ते हळूहळू पसरतं, मग लाकूड कुजतं आणि त्याचा लगदा होतो. वरून डेक मात्र अगदी नवं दिसतं. तुम्ही आवळलेला बोल्ट आता दोन पातळ थर आणि मधला चिखल दाबून धरतोय.

आमचा स्टँचन नेमका यामुळे झुकला.

धोका फक्त लाकडाला नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा आहे, त्याला काय होणार, असं मलाही वाटायचं. स्टेनलेसवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो, तोच त्याला गंजापासून वाचवतो. तो टिकायला ऑक्सिजन लागतो. बोल्टच्या भोवती फटीत साठलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, थर जातो आणि बोल्ट आतल्या आत खड्डे पडून खाल्ला जातो. वरचं डोकं चकचकीत आणि मधली कंबर निम्मी. हेच जर चेनप्लेटच्या बोल्टला झालं, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारा जिथे बोटीला जोडलेल्या असतात तिथे, तर एखाद्या वाऱ्याच्या झोतात डोलकाठीच खाली येऊ शकते.

म्हणून डेकची गळती म्हणजे "अंथरूण ओलं होतंय" एवढाच प्रश्न नसतो. थेंब केबिनमध्ये दिसतोय तोवर निदान कळतंय तरी. जो थेंब आत मुरतो आणि दिसतच नाही, तो जास्त वाईट.

माझं चुकलं कुठे

ताकदीचा आकडा बघितला, इथेच चुकलं. स्टँचनला जागेवर धरून ठेवायचं काम सीलंटचं नाहीच. ते काम चार बोल्ट आणि खालची बॅकिंग प्लेट करते. सीलंटला फक्त पाणी अडवायचं असतं. मी पाणी अडवणारी वस्तू चिकटवण्याच्या ताकदीवर निवडली. म्हणजे डेटाबेस निवडताना त्याचा लोगो किती छान आहे ते बघण्यासारखं.

मोबाइलचं उदाहरण घ्या. तुमच्या फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असेल. पाणी अडवतो तो स्क्रीनच्या कडेचा चिकट थर आणि बटणं-पोर्टांपाशी बसवलेले छोटे रबरी सील. कडेचा थर मुद्दाम असा असतो की गरम केल्यावर सैल पडतो, म्हणजे दुरुस्ती करता येते. आणि स्क्रीन बदलताना तो नवा टाकला नाही, तर फोन पूर्वीसारखा पाणी अडवत नाही. बोटीचंही तसंच आहे. कुठलंही सीलंट जन्मभर टिकत नाही. ते एक दिवस सुटणार हे धरूनच चालायचं.

म्हणून आता मी ट्यूब निवडण्याआधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला: हे कशाकशाला लागणार आहे? धातू, फायबरग्लास, सागवान, की प्लास्टिक?

दुसरा: सांधा हलतो किती?

तिसरा, काकांचा: परत काढायचं झालं तर कसं काढणार?

आता पाच कुटुंबं

बाजारात नावं शेकडो आहेत, पण बोटीसाठी लागणारी कुटुंबं पाचच. ट्यूबवरचं मोठं नाव सोडा, मागे बारीक अक्षरात कुटुंबाचं नाव असतं ते वाचा.

१. सिलिकॉन. आपल्या ओळखीचं, प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं. ऊन सोसतं, लवचिक राहतं, काच आणि प्लास्टिकला त्रास देत नाही. पण बोटीवर त्याचा मोठा दोष असा की ते काढल्यावर मागे एक न दिसणारा तेलकट थर राहतो, आणि त्यावर मग दुसरं सीलंट, रंग, इपॉक्सी काहीच धड बसत नाही. शिवाय ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, ते धातूला चांगलं नाही. लागलंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यायचं. डेकवरच्या बोल्टांसाठी मात्र सिलिकॉन नको.

२. पॉलिसल्फाइड. जुनं आणि भरवशाचं. रबरासारखं सुकतं, पाण्याखाली चालतं, डिझेल-पेट्रोलला दाद देत नाही, सागवानावर छान बसतं. वेळ लागला तरी काढता येतं. सुकायला मात्र निवांत. आणि एक कडक नियम: अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस, पीव्हीसी यांच्या जवळ न्यायचं नाही. त्यातली रसायनं या प्लास्टिकला ठिसूळ करतात आणि तडे जातात.

३. पॉलियुरेथेन. हे मुळात गोंद आहे, जे पाणीही अडवतं. यातही दर्जे आहेत. थ्री-एम ५२०० हे कायमच्या जोडणीसाठी प्रसिद्ध, त्याच कंपनीचं ४२०० त्यापेक्षा कमी धरणारं, म्हणजे पुढे उघडता येईल असं. सिकाफ्लेक्स २९१ हेही याच कुटुंबातलं. जिथे जोड परत उघडायचाच नाही, उदाहरणार्थ बोटीचा हल आणि डेक जिथे जुळतात ती कडा, तिथे कायमस्वरूपी पॉलियुरेथेनला तोड नाही. पण स्टँचनसारख्या गोष्टीला ते लावलं, तर काढताना काय होतं ते मी पाहिलंय. आम्ही बूड उचकटलं तर त्याच्यासोबत जेलकोट आणि खालच्या फायबरग्लासचा तळहाताएवढा तुकडा निघून आला. अ‍ॅक्रिलिकवर नेहमीचं पॉलियुरेथेन चालत नाही. खास प्रायमरसह वापरायचे काही प्रकार आहेत, ते वेगळे.

४. हायब्रिड. यांना एमएस पॉलिमर किंवा पॉलिइथर म्हणतात. थ्री-एम ४००० यूव्ही यातलं. पॉलियुरेथेनपेक्षा उन्हात कमी पिवळं पडतं, सिलिकॉनसारखा तेलकट वारसा मागे ठेवत नाही आणि काढता येतं. जिथे सीलंटची कडा बाहेर दिसते आणि ऊन लागतं, तिथे मला हे आवडतं. प्लास्टिकवर लावायचं असेल तर मात्र त्या-त्या ट्यूबची सूचना वाचा, सगळ्यांचं सारखं नसतं.

५. ब्यूटिल टेप. ही ट्यूबच नाही. करड्या रंगाची, च्युइंगगमसारखी चिकट पट्टी, कागदावर गुंडाळून येते. हिची गंमत म्हणजे ही कधी सुकतच नाही. वर्षानुवर्षं मऊ राहते, सांधा हलला की बरोबर ताणली जाते, परत चिकटते. काढायची तर बोल्ट सोडा, पत्र्याची पट्टी सरकवा, बूड हातात. हात घाण होत नाहीत, घाईही नाही. मर्यादा तीन: हिला स्वतःची पकड नाही, म्हणून बोल्ट हवेतच. इंधन लागलं की विरघळते. आणि पाण्याखाली वापरायची नाही. दुकानात मागताना सांभाळा, गच्चीसाठीची काळी बिटुमेनची टेपही लोक तुम्हाला "तेच आहे" म्हणून देतील. ते तेच नाही.

हलणं म्हणजे नेमकं किती

दुसऱ्या प्रश्नाला हात घालू. खिडकी कुठे हलते, असं वाटतं ना? गणित करू.

अ‍ॅक्रिलिक एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०७ मिलिमीटर पसरतं. फायबरग्लास त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं, ०.०२५ धरू. आमची खिडकी ६०० मिलिमीटर लांब. जानेवारीच्या पहाटे २० अंश आणि दुपारच्या उन्हात गडद अ‍ॅक्रिलिक सहज ६० अंश. म्हणजे फरक ४० अंशांचा. अ‍ॅक्रिलिक वाढलं १.७ मिलिमीटर, भोवतीची चौकट वाढली ०.६. फरक साधारण १ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक टोकाला अर्धा.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, बरोबर? आता सीलंटचा थर किती जाड आहे ते बघा. मी स्क्रू आवळून सगळा माल बाहेर काढला होता, आत थर उरला होता अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे जितका थर तितकंच सरकणं, रोज, वर्षाचे कित्येक महिने. तो फाटणारच. तोच थर ४ मिलिमीटर जाड ठेवला असता, तर तेच सरकणं थराच्या आठव्या हिश्शाइतकं. चांगलं सीलंट हे झोपेतही सोसतं.

म्हणजे नुसती ट्यूब बदलून भागलं नसतं. खिडकीला आम्ही या वेळी आधी व्हीएचबी प्रकारची जाड फोम टेप लावली, जी अंतर राखते, आणि कडेची फट अ‍ॅक्रिलिकसाठी चालणाऱ्या न्यूट्रल सिलिकॉनने भरली. डाऊ ७९५ हे इमारतींच्या काचांसाठीचं सिलिकॉन या कामासाठी बोटवाले बरंच वापरतात. वर मी सिलिकॉन नको म्हटलं आणि इथे तेच वापरलं. कारण प्रश्न बदलला, प्लास्टिक आलं आणि हालचाल आली.

मग कुठे काय?

स्क्रीनशॉट काढायचा असेल तर हा भाग.

स्टँचन, क्लीट, हँडरेल, चेनप्लेटची झाकणं, म्हणजे बोल्टने घट्ट बसणारं आणि पाण्याच्या वर असलेलं सगळं: ब्यूटिल टेप. नसेल तर पॉलिसल्फाइड किंवा हायब्रिड.

डिझेल भरायच्या धातूच्या तोंडाभोवती: पॉलिसल्फाइड. ब्यूटिल अजिबात नाही.

अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेटच्या खिडक्या: जाड थर ठेवून त्या प्लास्टिकसाठी चालणारं न्यूट्रल सिलिकॉन. पॉलिसल्फाइड कधीच नाही.

प्लास्टिकच्या फिटिंग, उदाहरणार्थ हवेच्या झडपा: आधी कुठलं प्लास्टिक आहे ते शोधा. कळत नसेल तर ब्यूटिल सगळ्यात निरुपद्रवी.

सागवानाच्या फळ्यांमधल्या फटी: पॉलिसल्फाइड किंवा त्या कामासाठीच बनवलेलं सीलंट.

पाण्याखालच्या फिटिंग: पॉलिसल्फाइड, किंवा उघडता येईल असं पॉलियुरेथेन.

हल-डेकची कडा: कायमस्वरूपी पॉलियुरेथेन. इथे "परत काढायचं?" याचं उत्तर खरोखरच "नाही" असतं.

लावायची पद्धत, जिच्यावर निम्मं अवलंबून आहे

काका म्हणतात, माल कुठलाही असो, घाई केली की गळणार. त्यांच्या लहानपणी लाकडी होड्यांच्या फळ्यांमध्ये कापसाची वात ठोकून बसवायचे आणि वरून राळ-तेल लावायचे. दर वर्षी होडी वर ओढली की जे सैल झालं ते काढायचं आणि नवं भरायचं. ते सीलंट कायमचं आहे असं कुणीच समजत नव्हतं.

पहिलं काम गाभा वाचवायचं. ८ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक १४-१६ मिलिमीटरचं करा, पण खालचा थर न फोडता. भोकाच्या आत वाकवलेला खिळा ड्रिलला लावून फिरवला की कडेचं बाल्साही थोडं खरवडून निघतं. आधी नुसतं पातळ इपॉक्सी आत लावायचं म्हणजे लाकूड ते पिऊन घेतं, मग घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरायचं. पूर्ण सुकल्यावर त्याच्या मधोमध ८ मिलिमीटरचं भोक. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची नळी आहे. सीलंट सुटलं तरी पाणी फार तर केबिनमध्ये ठिबकेल, गाभ्यात जाणार नाही. आणि बोल्ट आवळला तरी डेक दबणार नाही. माझ्या मते या एका कामाचं महत्त्व कुठल्याही ट्यूबपेक्षा जास्त आहे.

दुसरं, भोकाच्या वरच्या तोंडाला काउंटरसिंक बिटने किंचित उतार द्या. त्या खळग्यात सीलंट साठून बोल्टभोवती रिंग तयार होते. नाहीतर आवळल्यावर सगळं बाहेर.

तिसरं, स्वच्छता. जुनं सीलंट पूर्ण काढा. फायबरग्लास आणि धातूला अ‍ॅसिटोन चालतं, अ‍ॅक्रिलिकला नाही, त्याला साबणाचं पाणी. आणि हे लक्षात ठेवा: पॉलियुरेथेन लावायच्या आधी अल्कोहोलने पुसू नका. अल्कोहोल त्याचं सुकणंच बिघडवतं. सॅनिटायझरची बाटली हाताशी होती म्हणून मी नेमकं तेच केलं होतं.

चौथं, बोल्ट फिरवायचा नाही, नट फिरवायचा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सील तुटतं. म्हणजे दोन माणसं लागतात. एक वर डेकवर स्क्रूड्रायव्हर धरून बसणार, दुसरा खाली केबिनमध्ये पाना घेऊन. ब्यूटिल असेल तर एकदम आवळू नका. आज थोडं, उद्या थोडं, तीन-चार दिवस. टेप हळूहळू कडेने बाहेर येते, ती कापून टाकायची. सुकणारं सीलंट असेल तर थोडा माल बाहेर येईपर्यंतच आवळा आणि थांबा. आत थर राहू दे. सुकल्यावर शेवटचा अर्धा फेरा नटला.

आणि हो, हातमोजे. ओल्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असतात, ते त्वचेला आणि श्वासाला चांगले नाहीत. बंद केबिनमध्ये तर नकोच.

आपल्या हवेचं काय

परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांसाठी खास. पॉलियुरेथेन, हायब्रिड आणि सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन सुकतात. मे महिन्यातल्या मुंबईच्या दमट हवेत वरची साय ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर धरते. म्हणजे मास्किंग टेप लगेच काढा, गप्पा मारत बसू नका. पण वरून सुकलं म्हणजे आतून सुकलं असं नाही. साध्या ५२०० ला पूर्ण सुकायला पाच ते सात दिवस लागतात, तेव्हा त्या आठवड्यात सेलिंग नको.

दमट हवा चालते, ओलं डेक नाही. पहाटेचं दव पूर्ण वाळू द्या आणि तळपत्या उन्हाच्या आधी काम उरका. आणि ट्यूबची तारीख बघा. एकदा उघडलेली ट्यूब पावसाळाभर कपाटात ठेवली तर ऑक्टोबरमध्ये तिच्यातून रबराची कांडी निघेल.

थेंब पडतो तिथे भोक असतंच असं नाही

गळती शोधायची तर एका वेळी एकच जागा भिजवा. डेकच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून पाइपने पाणी सोडा, आत दुसरा माणूस टिश्यू पेपर घेऊन. पाणी आतल्या अस्तरामागून वाहत दोन-तीन फूट दूर जाऊन ठिबकू शकतं. आम्हाला जी खिडकीची गळती वाटत होती, त्यातली निम्मी वरच्या हँडरेलची निघाली. आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठोकून बघा. चांगलं डेक टणक वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. ही टेस्ट फुकट आहे आणि मी ती दोन वर्षं केली नव्हती.

शेवटी

त्या मे महिन्यात आम्ही डाव्या बाजूचा डेकचा वरचा थर कापून काढला. आत बाल्सा नव्हतं, काळपट ओला भुसा होता, चमच्याने काढला. नवा गाभा, नवा फायबरग्लास, भोकांत इपॉक्सी, वर ब्यूटिल. तीन वीकेंड गेले. मूळ काम नीट केलं असतं तर एक दुपार लागली असती.

गोव्यात दिवाडी बेटावर लाकूड आणि फायबरग्लास मिळून बांधलेली 'म्हादेई' घेऊन अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला, मध्ये कुठेही न थांबता, जगाला वळसा घालून परत आले. पाच महिने, एकही बंदर नाही. तेवढं धाडस आपल्यात नसेल. आपण फार तर अलिबागच्या दिशेने जाऊन संध्याकाळी परत येणार. पण तारेला टेकणाऱ्या माणसाला दोन्हीकडे तेवढाच भरवसा लागतो.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात गेली. ताई परत आली, यायला तयार झाली हेच खूप. बसण्याआधी तिने स्टँचन दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहिला. मी काही बोललो नाही. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बघ, बघून घे. बघायलाच पाहिजे."

तुमच्या घरात, गच्चीवर, बाइकवर काही गळत असेल तर ट्यूब घ्यायच्या आधी ते तीन प्रश्न विचारा आणि काय उत्तर आलं ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. निवडक नोट्स आपण पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. तोपर्यंत, कोरडे राहा!